सोळा दिवसांत एक पुस्तक!

एक साधा प्रश्न. गिनीज बुकात नाव गेलेला मराठी लेखक कोण?

मेसच्या रांगेत हा प्रश्न टाकून बघा. पु. ल. म्हणतील, खांडेकर म्हणतील, जरा वाचणारा असेल तर कुसुमाग्रज म्हणेल. बरोबर उत्तर आहे बाबुराव अर्नाळकर. हे टोपणनाव. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. गिनीजमधली नोंद सांगते की १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने निघाल्या.

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी आकडेमोड. १०९२ भागिले ४८ वर्षं, म्हणजे वर्षाला पावणेतेवीस पुस्तकं. म्हणजे सरासरी सोळा दिवसांत एक पुस्तक. हे एका वर्षाचं नाही, सलग अठ्ठेचाळीस वर्षांचं आहे! नव्वद दिवसांचं सेमिस्टर धरलं तर तेवढ्यात पाच पुस्तकं पूर्ण आणि सहावं अर्ध्यावर. आणि आपण? दहा प्रॅक्टिकल्सचं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री, तेही दुसऱ्याचं समोर ठेवून. बरं, अर्नाळकरांकडे कॉपी-पेस्ट नव्हतं आणि एक्स्टेन्शन देणारे एचओडीही नव्हते. वाचक पुढच्या पुस्तकासाठी वाचनालयाच्या दारात उभा असायचा.

हा लेख अर्नाळकरांचा गौरव करण्यासाठी नाही. माझं म्हणणं थोडं वेगळं आणि थोडं भांडखोर आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसांना मराठीत आपण कायम मागच्या बाकावर बसवलं आणि त्यात त्यांच्यापेक्षा आपलंच नुकसान जास्त झालं. आपलं म्हणजे साहित्यिकांचं नाही हं. तुमचं-माझं, होस्टेलवर राहून ड्रॉइंग शीट काढणाऱ्यांचं.

आधी माणूस समजून घेऊ. अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावं आज आपल्याला नवीन वाटतात, पण आपल्या आजोबांना विचारा. दारू नाही, पत्ते नाहीत, अशा सज्जन आजोबांनासुद्धा काळापहाडचं व्यसन होतं असं निघेल! काळाबाजार करणाऱ्या धनवंतांना लुटणारा आणि पोलिसांच्या हातावर तुरी देणारा हा नायक. ज्या काळात रेशनच्या रांगा होत्या, त्या काळात हा माणूस वाचकाचा राग काढून देत होता. आज आपण सिनेमात हिरोने व्हिलनला धुतलं की शिट्टी मारतो, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की तो आनंद छोट्याशा पुस्तकातून मिळायचा आणि त्यासाठी माणसाला वाचावं लागायचं.

या 'वाचावं लागायचं'वर जरा थांबू या. रहस्यकथा विकत घेणारे कमी, भाड्याने नेणारे जास्त. गल्लीतली खाजगी वाचनालयं म्हणजे आजच्या भाषेत सबस्क्रिप्शन मॉडेल. महिन्याची वर्गणी भरा, एक पुस्तक न्या, परत करा, दुसरं न्या. गिरणी कामगार, कंडक्टर, कारकून, कॉलेजची पोरं, दुपारी घरकाम आटोपलेल्या बायका, सगळे याच रांगेत. त्यातले कितीतरी जण शाळा अर्धवट सोडलेले. त्यांच्या हातात जाडजूड सामाजिक कादंबरी दिली असती तर दुसऱ्या पानावर झोपले असते. अर्नाळकरांनी त्यांना शेवटच्या पानापर्यंत जागं ठेवलं. माणसाला वाचायची सवय लावणं ही काही छोटी गोष्ट नाही. एकदा सवय लागली की माणूस पुढे काय वाचेल ते त्याचं त्याला ठरवता येतं. सवयच नसेल तर तुम्ही त्याच्यासमोर ज्ञानपीठाचा अख्खा संच ठेवा, त्यावर तो चहाचा कप ठेवील.

आता आक्षेप. आमच्या वर्गातला एक मित्र (नाव नको, तो याच अंकात कविता देतोय) म्हणाला, "अबे, हजार पुस्तकं लिहिली म्हणून काय झालं? बीएसएनएलची डिरेक्टरीपण जाडच असायची." दुसरा म्हणाला, इंग्रजीवरून घेतलेलं आहे ते सगळं, त्यात काय कौतुक.

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. इतक्या वेगाने लिहिलेलं सगळंच चांगलं असणं शक्य नाही. बऱ्याच पुस्तकांत साचा तोच, फक्त गावं आणि गुंडांची नावं बदललेली. सेक्स्टन ब्लेकसारख्या इंग्रजी डिटेक्टिव्ह कथांचा प्रभाव तर उघड आहे. बाईमाणूस बहुतेक ठिकाणी पळवून नेण्यासाठी किंवा सोडवून आणण्यासाठीच. आज वाचताना हे खटकतं आणि खटकायलाच हवं. मी म्हणत नाही की अर्नाळकरांना तुकारामांच्या शेजारी बसवा.

पण साचा हा शब्द आपण इंजिनिअरिंगच्या पोरांनी शिवीसारखा वापरावा, हे मात्र गमतीचं आहे. पॅटर्न शॉपमध्ये आपण दुसरं काय शिकतो? साचा नीट असेल तर कास्टिंग नीट. रहस्यकथेचा साचा बघा. सुरुवातीला एक घटना, म्हणजे आउटपुट. इनपुट माहीत नाही. मधली सिस्टीम बंद डब्यात. लेखकाने वाचकाला थोडी थोडी माहिती द्यायची. इतकी कमी नाही की तो वैतागेल, इतकी जास्त नाही की त्याला पन्नासाव्या पानावर खुनी कळेल. शेवटी डबा उघडल्यावर वाचकाने कपाळावर हात मारून म्हणायला हवं, अरे, हे तर समोरच होतं! यात एक सुगावा चुकीच्या पानावर पडला तर अख्खं मशीन जाम. निबंध लिहिताना तुम्ही शब्दांचा पाऊस पाडून वेळ मारून नेऊ शकता. रहस्यकथेत पहिल्या प्रकरणात दार आतून बंद होतं असं लिहिलं, तर शेवटच्या प्रकरणात ते कसं बंद झालं हे सांगावंच लागतं. व्हायवाला बसलेला एक्स्टर्नल परवडला, पण रहस्यकथेचा वाचक नाही परवडत.

अर्नाळकरांनंतर ही परंपरा पुढे चालली. गोव्याचे गुरुनाथ नाईक, भयकथेत नारायण धारप. आणि होस्टेलवर ज्यांचं नाव घेतलं की सगळे खाटेवर उठून बसतात ते सुहास शिरवळकर, म्हणजेच आपले 'सुशि'. 'दुनियादारी' सगळ्यांना माहीत आहे. २०१३ साली संजय जाधवांचा सिनेमा आला, तेव्हापासून ज्याने पुस्तकाचं तोंड पाहिलं नाही तोही दिग्याचे डायलॉग मारतो. पण 'दुनियादारी' लिहिणारा हा माणूस मुळात रहस्यकथावाला होता, हे किती जणांना माहीत आहे? दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, एवढे नायक त्यांनी उभे केले आणि प्रत्येकाला स्वतःची मालिका दिली. 'दुनियादारी' वाचताना पान उलटल्याशिवाय राहवत नाही ना? ते कसब कट्ट्यावर बसून आलेलं नाही. ते रहस्यकथेच्या कारखान्यात वर्षानुवर्षं घासून आलेलं आहे. प्रकरण कुठे तोडायचं, संवाद किती छोटा ठेवायचा, वाचकाच्या हातात काय द्यायचं आणि काय खिशात ठेवायचं, हे सगळं तिथलंच.

त्यांची 'समांतर'ची कल्पना बघा. एका माणसाला कळतं की जे आयुष्य आपण जगतोय, तेच आयुष्य दुसरा एक माणूस आधीच जगून बसला आहे. म्हणजे आपलं उद्याचं त्याला आजच माहीत आहे! २०२० साली यावर वेब सिरीज आली, स्वप्नील जोशी आणि नितीश भारद्वाजवाली. आपल्या होस्टेलवर अजूनही कोणीतरी रात्री दोनला ती काढून बसलेला सापडतो. आणि सुशि? ते २००३ साली गेले. वय जेमतेम चोपन्न. 'दुनियादारी'चा सिनेमा त्यांच्यानंतर दहा वर्षांनी आणि 'समांतर' सतरा वर्षांनी. हाऊसफुल्लचा बोर्ड त्यांनी पाहिलाच नाही.

इथे मला खरी चीड येते. वाचकांनी या माणसांवर भरभरून प्रेम केलं, पण अभ्यासक्रम, पुरस्कार, परिसंवाद इथे बहुतेक वेळा दार बंद. मी पुरस्कारांच्या विरोधात अजिबात नाही. आपल्या जिल्ह्याच्या सदानंद देशमुखांना 'बारोमास'साठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरातली घुसमट मांडणारी ती कादंबरी आपल्यातल्या प्रत्येकाने वाचायला हवी, कारण आपल्यातल्या निम्म्या पोरांच्या घरची गोष्ट आहे ती. पण 'बारोमास' मोठी ठरण्यासाठी दारा बुलंद छोटा ठरायची गरज काय? एकाच ताटात भाकरी आणि ठेचा दोन्ही मावतात की.

शेजाऱ्यांकडे बघा. बंगालीत शरदिंदू बंदोपाध्यायांचा ब्योमकेश आणि सत्यजित राय यांचा फेलूदा हे घराघरातले मानकरी आहेत. ज्या माणसाच्या सिनेमांपुढे जगाने मान तुकवली, त्याला गुप्तहेरकथा लिहिताना कमीपणा वाटला नाही. हिंदीत सुरेंद्र मोहन पाठक यांनी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधली नोकरी सांभाळून कादंबऱ्यांचा ढीग रचला. आणि आपल्यासाठी सगळ्यात भारी उदाहरण तमिळमधलं. सुजाता हे टोपणनाव घेणारे एस. रंगराजन. गणेश आणि वसंत या वकील जोडीच्या रहस्यकथा लिहून यांनी तमिळ वाचकांना वेड लावलं. हे गृहस्थ दिवसा काय करायचे? भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर होते. आपण ज्या इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राचं बटण दाबतो, ते तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. तर सांगायचं काय, "इंजिनिअरिंग करतोय, लिहायला वेळ कुठंय सर" ही सबब इथून पुढे बंद!

आता कोणी म्हणेल, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कसलं आलंय रहस्य? इथे लाईट कधी येणार हेच मोठं रहस्य. असं म्हणणाऱ्याने डोळे उघडून बघितलेलंच नाही. लोणारला सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं उल्काविवर आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी अचानक गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांपर्यंत माग काढला. पहिल्या प्रकरणात गुलाबी पाणी, शेवटच्या प्रकरणात डोळ्यांना न दिसणारा गुन्हेगार. आणखी काय पाहिजे? २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या गावांतल्या लोकांना बहुतेक ठिकाणी पत्ताही नाही. असं कथानक मुंबईच्या लेखकाला सुचलं असतं तर तो म्हणाला असता, वाचक विश्वास ठेवणार नाहीत.

तिसरं उदाहरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळायला लागले. काही दिवसांत टक्कल. बायका, पोरं, म्हातारे, सगळे घाबरलेले. आयसीएमआरची टीम आली, पाणी, रक्त, केस यांचे नमुने गेले. पण रिपोर्ट यायच्या आधीच मोबाईलवर निकाल लागून गेले होते. कोणी म्हणे पाणी, कोणी म्हणे शॅम्पू, कोणी म्हणे व्हायरस. त्या गावच्या लोकांकडे बाहेरचे वेगळ्या नजरेने बघायला लागले. पुढे शरीरातलं सेलेनियम आणि रेशनचा गहू यांची चर्चा झाली, त्यावरही मतं-मतांतरं झाली. आता गंमत बघा. ज्याने आयुष्यात दहा रहस्यकथा नीट वाचल्या आहेत, त्याला एक नियम तोंडपाठ असतो. पहिल्या प्रकरणात ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात, तो सहसा गुन्हेगार नसतो. पुरावा हातात येईपर्यंत नाव घ्यायचं नाही. धनंजय आणि छोटू घाई करत नाहीत. घाई करतो तो गोष्टीतला मूर्ख इन्स्पेक्टर. फॉरवर्डचं बटण दाबणारे आपण सगळे त्या दिवसांत तोच इन्स्पेक्टर झालो होतो. म्हणून म्हणतो, रहस्यकथा ही निव्वळ टाईमपास नाही. ती धीर शिकवते, संशय शिकवते, आणि संशय घेऊन पुराव्यापाशी थांबायला शिकवते. फॉल्ट फाइंडिंगच्या प्रॅक्टिकलला आणखी काय असतं? मोटार चालत नाही म्हटल्यावर आपण लगेच वाइंडिंग जळालं म्हणून मोकळे होतो. सर शांतपणे येतात, फ्यूज बघतात आणि निघून जातात.

तर मग आपण काय करायचं? मी तीन गोष्टी सुचवतो. पटल्या तर उचला.

पहिली, ग्रंथालय. आपल्या ग्रंथालयात टेक्स्ट बुकं पुरेशी आहेत, स्पर्धा परीक्षेची आहेत, व्यक्तिमत्त्व विकासाची तर कपाटं भरून आहेत. 'यशस्वी कसे व्हावे' हे सांगणारी पुस्तकं इतकी आहेत की नापास व्हायची भीती वाटत नाही! पण मराठी रहस्यकथेचं एकही पुस्तक सापडत नाही. ग्रंथपाल सरांना नम्र विनंती, एक कपाट नको, एक फळी द्या. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, धारप, शिरवळकर, मतकरी. सोबत ब्योमकेश आणि फेलूदाचे मराठी अनुवाद. खर्चाचा प्रश्न असेल तर जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती मिळतात. आणि आपल्या घरच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या पलंगाखाली काय काय आहे हे दिवाळीच्या सुट्टीत बघून या. वाळवीने खायच्या आत ती पुस्तकं इथे आणा. जुन्या वाचनालयातल्या पुस्तकांचं शेवटचं पान नेमकं फाटलेलं असायचं असं ज्येष्ठ मंडळी सांगतात. तसं निघालं तर शेवट आपण लिहू, त्याचीही मजा आहे.

दुसरी, हे मासिक. दरवर्षी मराठी विभागात आईवर आठ कविता, पावसावर सहा, मैत्रीवर चार. आई, पाऊस आणि मैत्री यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, पुढच्या अंकात निदान एक रहस्यकथा येऊ द्या. जागा आपला जिल्हा, पात्रं आपली भाषा बोलणारी. मलकापूर स्टेशनवर रात्री उतरलेला माणूस, खामगावच्या बाजारातली बेपत्ता बॅग, सिंदखेडराजाच्या जुन्या भिंतीआडचं काहीतरी. 'काऊन बे, कुठं चालला?' असं विचारणारा हवालदार मराठी रहस्यकथेत फार थोड्या वेळा आला असेल. त्याला आपण आणू. अट एकच, शेवटी 'आणि मला जाग आली' असं लिहायचं नाही. लिहिणाऱ्याने आधी खुनी ठरवायचा आणि मग लिहायला बसायचं.

तिसरी गोष्ट आपल्या प्राध्यापक मंडळींसाठी. सर, मॅडम, पोरगं उशीखाली कादंबरी घेऊन सापडलं तर रागावू नका. मोबाईलवर बोटं फिरवत रात्र घालवण्यापेक्षा ते दोनशे पानं सलग वाचतंय, ही आजच्या काळात चांगली बातमी आहे. लक्ष टिकत नाही अशी तक्रार तुम्हीच स्टाफ रूममध्ये करता ना? मग लक्ष टिकवायला शिकवणारं याच्यापेक्षा स्वस्त यंत्र कुठल्याच लॅबमध्ये नाही. जमलं तर त्याला फक्त एवढं विचारा, "खुनी कोण वाटतोय रे तुला? आणि कशावरून?" 'कशावरून' हा प्रश्न त्याला अख्ख्या चार वर्षांत उपयोगी पडेल.

बाबुराव अर्नाळकर १९९६ साली गेले. त्यांच्या १०९२ पुस्तकांपैकी बरीचशी आज मिळतही नाहीत. ती सगळी टिकायला हवीत असा माझा आग्रह नाही. पण माणूस रोज टेबलाशी बसतो, सोळा दिवसांनी एक पूर्ण झालेली वस्तू वाचकाच्या हातात ठेवतो आणि लगेच दुसरी सुरू करतो, या शिस्तीचा आपल्यावर काहीतरी परिणाम व्हायला हवा. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या वहीत अर्धवट गोष्टी आहेत, अर्धवट प्रोजेक्ट आहेत, अर्धवट कोड आहेत. हुशारीत आपण कुणापेक्षा कमी नाही. आपल्याला कमी पडतं ते शेवटच्या पानापर्यंत जाणं.

फळीसाठी ग्रंथपाल सरांकडे द्यायचा अर्ज तयार आहे. वसतिगृहाच्या नोटीस बोर्डाजवळ ठेवला आहे. सही करायला पेन स्वतःचं आणा.